नोकरी सांभाळून फ्रेंच: वर्षभराहून जास्त वापरानंतर काय टिकलं

आधी निकाल सांगते. चाळिशीत, नोकरी आणि घर सांभाळून फ्रेंच शिकायची असेल, तर सगळ्यात जास्त वेळ कानाला द्या. पुस्तक, अ‍ॅप, क्लास, पॉडकास्ट हे सगळं मी वर्षभराहून जास्त वापरलं. त्यातून आजही रोज हातात असलेली गोष्ट एकच आहे: ऐकून लिहून काढणं. शाळेत आपण श्रुतलेखन करायचो, तेच.

आपल्याकडे अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलेले पुष्कळ जण आहेत, मीही त्यातलीच. क्रियापदांचे तक्ते आजही पाठ आहेत. पण त्या तक्त्यांचा आवाज कधी ऐकलेला नसतो, आणि फ्रेंचमध्ये खरी अडचण तिथेच येते. लिहिलेल्यातली अर्धी अक्षरं बोलण्यात गळतात आणि उरलेली पुढच्या शब्दाला चिकटतात. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ लिहायला वेगळं, ऐकायला दोन्ही ‘इल पार्ल’. कागदावरचं ‘इल नि आ पा’ बोलताना नुसतं ‘यापा’ होतं. कागदावर शिकलेल्या माणसाला हे ओळखू येणारच नाही.

माझं मुख्य साधन म्हणजे आरएफआय या फ्रेंच रेडिओचं ‘जुर्नाल आँ फ्राँसे फासिल’. रोजच्या जगाच्या बातम्या, दहा मिनिटं, जरा सोप्या भाषेत, सोबत पूर्ण लिखित मजकूर, आणि सगळं फुकट. माझं ऑफिस वाशीला. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी सुटताना लावलं की रबाळ्याच्या आसपास बातम्या संपतात. तिथून वाशीपर्यंत तेच परत, या वेळी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून. रात्री जेवणं आटोपली की त्यातलाच मिनिटभराचा तुकडा घेऊन वही उघडते. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, पुन्हा ऐकायचं. शेवटी मजकुराशी ताडून चुका लाल पेनने.

वहीतलं एक उदाहरण देते. ‘इल्झों’ आणि ‘इल्सों’. पहिल्याचा अर्थ ‘त्यांच्याकडे आहे’, दुसऱ्याचा ‘ते आहेत’. फरक एका आवाजाचा, आणि अख्ख्या वाक्याचा अर्थ त्यावर फिरतो. नुसतं ऐकत गेलं तर संदर्भावरून अंदाज बांधून आपण पुढे सरकतो. लिहायला बसलं की अंदाज चालत नाही, एकच काहीतरी लिहावं लागतं. दोनेक महिन्यांनी हे आवाज आपोआप वेगळे पडायला लागले आणि गाडीच्या गोंगाटातही बातमी कळू लागली. मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच.

सुरुवातीलाच बातम्या झेपत नाहीत, हे खरं. ए१ म्हणजे अगदी पहिल्या पातळीला टीव्ही५ मोंद या फ्रेंच वाहिनीचे छोटे व्हिडिओ आणि त्यावरचे सराव जास्त बरे, तेही फुकट आहेत. बातम्यांकडे त्यापुढच्या ए२ पातळीच्या मध्यावर वळावं.

मोबाइलवरचं एक लोकप्रिय खेळकर अ‍ॅपही बरेच महिने वापरलं. सवय लागायला चांगलं, पण त्यात समोरचे पर्याय ओळखायचे असतात, वाक्य आपल्याला तयार करावं लागत नाही. शब्दांसाठी आता अँकी हे कार्डांचं अ‍ॅप वापरते. विसरायच्या बेतात असलेला शब्द ते पुन्हा समोर आणतं. कार्डं मात्र स्वतःच्या वहीतल्या वाक्यांची करावीत. आयत्या गठ्ठ्यातले शब्द टिकत नाहीत.

आता एक गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते. फ्रेंच मराठीतून समजून घ्या. बहुतेक क्लास इंग्रजीतून चालतात आणि आपण नकळत इंग्रजीचे डोळे लावून बसतो. मग निर्जीव वस्तूंना लिंग का, विशेषण का बदलतं, असे प्रश्न पडतात. मराठी माणसाला ते पडायचं कारणच नाही! आपण चांगला, चांगली, चांगलं म्हणतोच, आणि आपल्याकडे लिंगं तीन, त्यांच्याकडे दोनच. भूतकाळाचंही तसंच. ‘तिने चिठ्ठी लिहिली’ म्हणताना आपलं क्रियापद चिठ्ठीच्या मागे जातं. फ्रेंचमध्ये ‘तिने लिहिलेली चिठ्ठी’ अशी रचना आली, म्हणजे कर्म आधी आलं, की नेमकं हेच होतं: ‘एक्री’चं ‘एक्रीत’ होतं. माझ्या क्लासच्या बॅचमध्ये यावर एक अख्खा तास गेला. मराठीतून ते पाच मिनिटांत कळतं.

उच्चारांचंही तेच. फ्रेंच त आणि द आपल्या त-द सारखे दंत्य आहेत. शाळेतल्या इंग्रजीमुळे आपण उगाच ट-ड लावतो. टेबलाला तिथे ‘ताब्ल’ म्हणतात. घशातला र गझला ऐकणाऱ्यांना फार परका वाटणार नाही, तो ‘ग़’ च्या अगदी जवळचा आहे. फ्रेंच ‘तू’ (tu) मधल्या उकारासाठी तोंडाने ई म्हणत ओठांचा ऊ करावा. नाकातले स्वर मात्र कष्टाने येतात, कारण शेवटी न् लावायची आपली सवय सुटत नाही. तिथे हिंदीतलं ‘हाँ’ आठवावं.

क्लास हवा का? हवा, बोलण्यासाठी. मी काही सत्रं न्यू मरीन लाइन्सला थिऑसॉफी हॉलमधल्या अलियाँस फ्रान्सेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत केली. ठाण्याहून शनिवार त्यातच जातो, पण शिक्षक तिथल्या तिथे उच्चार सुधारतात, ते घरी होत नाही. त्याआधी घेतलेल्या एका ऑनलाइन बॅचमध्ये इतके जण होते की तासभरात आपल्या वाट्याला दोन वाक्यं यायची. पैसे भरण्याआधी बॅचमध्ये माणसं किती, एवढं नक्की विचारा. बॅचमधले एक काका ठाण्यातच राहतात. त्यांचा मुलगा माँट्रियलला असतो. तिथल्या क्वेबेक प्रांताच्या १९७७ च्या कायद्यामुळे स्थलांतरितांच्या मुलांना तिथे सहसा फ्रेंच शाळेतच घालावं लागतं, त्यामुळे नातवंडांशी बोलायला काका फ्रेंच शिकताहेत. आम्ही रविवारी सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारत फक्त फ्रेंचमध्ये बोलतो. शब्द अडला तर तो खाणाखुणांनी समजवायचा, मराठीत यायचं नाही. तोंड मोकळं झालं ते या फेऱ्यांनी.

परीक्षेबद्दल थोडं. डेल्फ ही फ्रेंचची पातळीनुसार होणारी प्रमाणपत्र परीक्षा. तिच्यात ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चार भागांना प्रत्येकी २५ गुण असतात. पास व्हायला एकूण ५० लागतात आणि कोणत्याही भागात ५ च्या खाली जाऊन चालत नाही. प्रमाणपत्र कायमचं असतं. पण कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री योजनेतून पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळवण्यासाठी शिकत असाल तर डेल्फ उपयोगाची नाही, टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा द्यावी लागते आणि तिचा निकाल दोन वर्षांपुरताच धरतात. ऐरोली-घणसोलीच्या आयटीतले बरेच जण याच कारणाने शिकतात. त्यांनी कुठली परीक्षा द्यायची हे पहिल्याच दिवशी ठरवावं.

मी ए२ दिली, आणि चारही भागांत ऐकण्याचा पेपर सगळ्यात सोपा गेला. आता पुढच्या बी१ पातळीची तयारी चालू आहे. त्यात तोंडी परीक्षेच्या शेवटच्या भागात छोटा उतारा देतात आणि दहा मिनिटांच्या तयारीनंतर त्यावर आपलं मत मांडायला सांगतात. त्यासाठी बातम्यांतलाच एखादा विषय घेऊन मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करते आणि तेही वहीत लिहून काढते. जिथे अडखळले तिथे नेमकं कुठलं क्रियापद हवं होतं, ते त्यात लगेच दिसतं.