कपाशीत कामगंध सापळे: हंगामभर वापरल्यावर

गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे पात्या (फुलांच्या कळ्या) लागल्यापासून शेवटच्या वेचणीपर्यंत शेतात ठेवले. घ्यावेत का, असं विचाराल तर जरूर घ्या. फक्त अळी मारायला म्हणून घेऊ नका. सापळा मोजण्यासाठी असतो, आणि त्या कामाला तो उत्तम आहे.

ही अळी बाहेरून दिसत नाही, हीच खरी अडचण. अंड्यातून निघालेली बारीक अळी कोवळ्या बोंडात शिरते, बोंड वाढतं तसं छिद्र बुजतं. आत सरकी पोखरली जात असते आणि वरून बोंड हिरवंगार. पतंगही रात्रीचे उडणारे. त्यामुळे कीड आल्याची पहिली वर्दी सापळाच देतो. सापळ्यातल्या ल्यूरमध्ये, म्हणजे आमिषाच्या तुकड्यात, मादीच्या गंधाचं रसायन असतं, म्हणून नर तेवढे येतात. (कीटकांचा असा गंध पहिल्यांदा 1959 साली रेशमाच्या पतंगातून ओळखला गेला आणि त्यासाठी लाखो पतंग लागले होते. तीच विद्या आज रबराच्या एवढ्याशा तुकड्यात हातात मिळते, याचं मला फार अप्रूप आहे.)

टेहळणीला एकरी दोन सापळे पुरतात. सापळ्याचं नरसाळं पिकाच्या शेंड्याच्या फूटभर वर हवं, म्हणून काठी सुरुवातीलाच उंच घ्या. पतंग नरसाळ्याखालच्या पिशवीत अडकतात, ती सकाळी रिकामी करायची आणि आकडा तिथेच वहीत लिहायचा. पिशवीत दुसरे किडेही सापडतात, ते मोजू नका. आपला पतंग जेमतेम सेंटीमीटरभर, करडा-तपकिरी, पुढच्या पंखांवर काळसर ठिपके आणि मागच्या पंखांच्या कडेला बारीक झालर. भिंग जवळ ठेवलं तर आठवडाभरात नजर बसते.

एका सापळ्यात रोज 8 पतंग, तेही सलग 3 रात्री, ही आर्थिक नुकसानीची पातळी धरतात. एखाद्या रात्री आकडा उसळला म्हणून पंप पाठीवर घ्यायचा नाही. सुरुवातीला सापळे जवळजवळ रिकामे होते आणि डोमकळ्याही (आत अळी असल्याने न उमललेली फुलं) दिसत नव्हत्या, म्हणून तारीख पाहून होणारी पहिली फवारणी टाळता आली. त्याचा फायदा मावा आला तेव्हा कळला. ढालकिडे आणि क्रायसोपा हे मावा खाणारे कीटक शेतात टिकून होते, त्यांनीच तो आवरला. पायरेथ्रॉइड गटाचं औषध लवकर मारलं की हे मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते. माझ्या मते सापळ्याचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे ही टळलेली फवारणी.

आता तक्रारी. पिशवी उन्हाने कडक होऊन फाटते. पावसाचं पाणी साचलं की पतंग कुजतात आणि मोजणी अशक्य होते, तेव्हा तळाला सुईने भोकं पाडून घ्या. ल्यूरचा गंध काही आठवड्यांत उतरतो, कडक उन्हात आणखी लवकर. बदलण्याची तारीख चुकली तर रिकामा सापळा पाहून कीड नाही असं वाटतं, आणि हे सगळ्यात धोक्याचं. शिल्लक पाकिटं फ्रिजमध्ये ठेवा. वापरलेलं ल्यूर शेतात टाकू नका, थोडा गंध उरलेला असतो. घाटेअळीचं ल्यूर हाताळलेल्या हाताने हे लावू नका.

बोंडं भरू लागली की मात्र आकड्यावर विसंबू नका. शेतात माद्या वाढल्या की नर त्यांच्याकडे वळतात, सापळ्यातली संख्या घटते आणि नुकसान चालूच राहतं. तेव्हा बांधालगतच्या ओळी सोडून, तिरकं-वाकडं फिरत वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं तोडायची आणि चिरायची. मधल्या वयाची, बोटांनी दाबली तर किंचित दबणारी घ्या. लहान अळी पांढुरकी असते, गुलाबी रंग मोठी झाल्यावर येतो, म्हणून सरकीच्या कडेने नीट बघा. 2 बोंडांत अळी किंवा पोखरलेली सरकी निघाली की 10 टक्के झाले, फवारणीची वेळ झाली.

जास्त सापळे लावून नरच संपवायचे, हा प्रयोग एकट्याच्या शेतात मला पटत नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि मिलन झालेल्या माद्या शेजारच्या शेतातूनही येतात. आसपासच्या सगळ्यांनी मिळून केलं तर गोष्ट वेगळी.

वेचणी संपली तरी सापळे लगेच काढू नका. पऱ्हाट्या (वेचणीनंतर उरलेली कपाशीची झाडं) उभ्या असेपर्यंत पतंग पडतच होते, कारण अळी न फुटलेल्या बोंडांत आणि सरकीत सुप्तावस्थेत राहते. पऱ्हाट्या उपटून शेत मोकळं केलं, मग सापळे उतरवले.