सावंतवाडीचा गंजिफा आणि चितारआळीची खेळणी: काय घ्यावं, काय सोडावं

सिंधुदुर्ग जिल्ह्यात आलेला पर्यटक मालवण, तारकर्ली आणि किल्ला करून परततो. सावंतवाडी त्याच्या वाटेत येतही नाही, कारण मुंबई-गोवा महामार्ग आता झाराप-पत्रादेवी बायपासने गावाला वळसा घालून पुढे जातो. या जिल्ह्यातून घरी न्यावी अशी वस्तू मात्र याच गावात मिळते: हाताने रंगवलेला दशावतारी गंजिफा, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांची चित्रं असलेल्या गोल पत्त्यांचा खेळ. त्याच्या जोडीला चितारआळीतली लाखकामाची लाकडी खेळणी. गंजिफा राजवाड्यात, खेळणी बाजारात. दोन्हीकडे माल चांगला आहे, पण डोळे मिटून घ्यावा असा नाही.

आधी गंजिफा. राजवाडा जांभ्या दगडाचा, मोती तलावासमोर, तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला (१७५५ ते १८०३). तेलंगणातून शास्त्रचर्चेसाठी आलेल्या पंडितांकडून हा खेळ याच काळात दरबारात आला असं सांगतात. पुढे इंग्रजी पत्त्यांनी त्याला मागे सारलं आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुंडलिक चितारी हे एकटेच वृद्ध कलाकार ही विद्या जाणणारे उरले. सावंतवाडी संस्थानचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यातच कारखाना उभा केला, म्हणून आज संच विकत मिळतो. दरबार हॉलमध्ये कलाकार रंगकाम करत बसतात आणि ते जवळून पाहता येतं. त्यासाठी कामाच्या दिवशी सकाळी जावं. सुटीच्या दिवशी गर्दी असते आणि गाद्या रिकाम्या.

संचात १२० गोल पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पत्ते: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. राजाच्या पत्त्यावर खुद्द अवतार, प्रधान बहुधा घोड्यावर, बाकीच्यांवर त्या अवताराचं चिन्ह तितक्या वेळा. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वराहाला शंख, नृसिंहाला चक्र, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू, रामाला बाण, कृष्णाला गाय, बुद्धाला कमळ, कल्कीला तलवार. चिन्हांत संचागणिक थोडा फरक पडतो, म्हणून घेतानाच प्रत्येक राजा आणि त्याची चिन्हं जुळवून पाहावीत. कल्की स्वतःच घोड्याशी जोडलेला, त्यामुळे त्याचा राजा आणि प्रधान यांत नवख्याचा गोंधळ हमखास होतो.

पत्ता कसा बनतो हे कळलं की त्यात काय बिघडू शकतं तेही कळतं. जुन्या पद्धतीत कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून जाड करतात, वरून पांढरा लेप देऊन घोटतात, गोल कापतात, रंगवतात आणि शेवटी लाखेचा हात देतात. खळ नीट वाळली नसेल तर पत्त्याला बाक येतो. लेप जाड बसला असेल तर कडेला टवका उडतो. म्हणून गठ्ठा सपाट टेबलावर ठेवून डोळ्यांच्या रेषेत आणून पाहावा: मध्ये फट दिसली तर बाकदार पत्ते वेगळे काढून बदलून मागावेत. दोन-चार पत्त्यांच्या कडेवरून अंगठा फिरवावा. खरखर लागली तर तिथून लेप पुढेमागे सुटणार.

पुढचा भाग बघण्यात सगळे रमतात, पाठ कोणी पाहत नाही. खेळायचं असेल तर पाठ जास्त महत्त्वाची. १२० पत्ते पालथे पसरा. एखाद्याच्या पाठीवर रंगाची छटा वेगळी असेल, ब्रशाचा फराटा असेल किंवा लाखेचा थेंब वाळून बसला असेल तर तो पत्ता तिसऱ्या डावापासून सगळ्यांना ओळखू येईल. हाताने केलेल्या कामात एक-दोन असे निघणारच. पाचाच्या वर निघाले तर दुसरा संच मागावा. कारागिरांना याचा राग येत नाही. उलट, गिऱ्हाईक खेळणारं आहे हे त्यांच्या लक्षात येतं.

पत्ता हातानेच रंगवलेला आहे ना, हे उजेडात तिरका धरून पाहावं. रंग कागदावर किंचित उठलेला दिसतो आणि एकाच रंगातले दोन मासे कधीही तंतोतंत सारखे नसतात. छापील पत्त्यावर भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात. छापील संच घेऊ नये असं मुळीच नाही, नियम शिकायला तोच बरा. फक्त त्याला हातकामाची किंमत देऊ नये. हाताने रंगवलेला पूर्ण दशावतारी संच काही हजारांत जातो, आणि आकार व नक्षीप्रमाणे भाव चढतो. रुंद नक्षीदार किनारीचे मोठे पत्ते दिसायला देखणे, पण असे चाळीस पत्ते हातात धरताना दमछाक होते. खेळण्यासाठी लहान आकाराचा, साध्या किनारीचा संच घ्यावा. आमचं मत विचाराल तर तोच जास्त देखणाही आहे, कारण त्यात चिन्ह मोकळं दिसतं. याच पद्धतीने रंगवलेले नेहमीचे ५२ पत्तेही मिळतात. भेट द्यायला ते सोपे. चार-पाच सुटे पत्ते चौकटीत बसवून विकतात तो प्रकार मात्र सोडावा. तेवढ्या पैशांत हाती शोभेची पाटी येते, खेळ येत नाही.

संचासोबत नियमांची माहिती मागून घ्यावी आणि ती तिथेच वाचावी, कारण शंका विचारायला तिथेच माणूस असतो. खेळ साधारण असा: तिघे खेळतात, प्रत्येकाला चाळीस पत्ते. पत्ते आपल्या नेहमीच्या पद्धतीने पिसायचे नाहीत, त्याने कडा फुटतात. जमिनीवर चादर पसरून त्यावर पत्ते पालथे मिसळायचे आणि वाटायचे. वाटप आणि खेळ उजवीकडून पुढे सरकतात. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा राजा असलेला. हुकमाचा रंग नसतो. जास्त हात करणारा जिंकतो.

सगळ्यांची गाडी अडते ती पत्त्यांच्या क्रमावर. दहाही रंगांत राजा सर्वात मोठा, त्याखाली प्रधान. त्यानंतर मत्स्य ते वामन या पहिल्या पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वात लहान, तर परशुराम ते कल्की या पाच रंगांत क्रम उलटा: प्रधानाखाली एक्का, सर्वात लहान दश्शी. पहिले काही डाव परशुरामाची दश्शी ऐटीत टाकून लोक हात घालवतात. उपाय सोपा: हातातले पत्ते लावतानाच दोन गट करावेत, वामनापर्यंतचे डावीकडे, पुढचे उजवीकडे. गोल पत्त्यांचा पंखा नीट होत नाही, म्हणून एकावेळी एकच रंग हातात उलगडावा. मग कोणत्या रंगातला कोणता मोठा पत्ता पडून गेला हे लक्षात ठेवणं एवढंच काम उरतं, आणि खरा खेळ तोच आहे.

आता चितारआळी. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची ही जुनी गल्ली. हुबेहूब रंगवलेली फळं-भाज्या, भातुकली, भोवरे, पाळणे, पाट, चौरंग. हलक्या खेळण्यांना इथे परंपरेने पांगारा वापरतात. तो वजनाला हलका आणि कापायला मऊ, पण त्यामुळेच लवकर पोखरला जाणारा. वस्तू उलटी करून तळाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं किंवा पिठासारखा भुसा दिसतो का ते पाहावं. दिसला तर ती वस्तू कितीही गोड दिसो, घरातल्या बाकी लाकडाच्या जवळ नेऊ नये. पाट-चौरंगासाठी सागवान मागावं आणि उचलून वजन पाहावं.

सगळ्यात मोठी फसगत रंगात होते. खरं लाखकाम चरकावर होतं: फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, आणि केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. त्यामुळे पट्टे एकसारखे, कडा रेखीव आणि पृष्ठभाग घट्ट असतो. डब्यातला ऑइलपेंट लावलेल्या वस्तूत खाचांमध्ये रंग साचलेला दिसतो, ब्रशाचे ओघळ दिसतात, आणि झाकणाची डबी उघडून हुंगली की थिनरचा वास येतो. फळं-भाज्या चरकावर रंगवता येत नाहीत, त्या ब्रशानेच रंगवतात, तेव्हा त्यांना ही कसोटी लावू नये. लहान मूल तोंडात घालेल असं खेळणं मात्र चरकावरचं लाखकामच घ्यावं. बाहेरून आलेला माल याच दुकानांत शेजारी मांडलेला असतो. ‘हे इथलंच का?’ असं विचारून उपयोग नाही, उत्तर ठरलेलं आहे. ‘हे कोणत्या लाकडाचं, लाख की पेंट?’ असं विचारावं. करणारा माणूस दुकानात असेल तर तो सरळ सांगतो, कधीकधी चरकही दाखवतो.

गंजिफा आणि लाकडी वस्तू दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्यावरून माल कुठला ते ठरतं, प्रत्येक नगाची प्रत ठरत नाही.

पत्त्यांवरचे अवतार रंगमंचावरही दिसतील या आशेने दशावतार बघायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांत रात्री दशावतारी नाटक होतं, तिकीट नसतं. पण दहा अवतार ओळीने येत नाहीत. पूर्वरंगात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मा, विष्णू, संकासुर येतात आणि पुढे एखादं पौराणिक आख्यान पहाटेपर्यंत चालतं. संकासुराचे मालवणी टोमणे कळायचे असतील तर शेजारी गाववाला बसलेला बरा. दिवसाच्या वेळेत कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाच्या चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय आहे. ते चालवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ची पद्मश्री जाहीर झाली. सावंतवाडीला जोडून एका दिवसात होतं.

रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सावंतवाडी रोड स्टेशन गावापासून सात-आठ किलोमीटरवर आहे आणि बऱ्याच गाड्या तिथे न थांबता कुडाळला थांबतात. गाडीने येणाऱ्यांनी बायपास सोडून गावात शिरावं.

घरी नेल्यावर: लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून पत्त्यांना किंवा खेळण्यांना सॅनिटायझर लावू नये, कोरड्या मऊ फडक्याने पुसावं. लाखेच्या पाटावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरा डाग पडतो. उन्हात उभ्या गाडीत गंजिफाचा गठ्ठा दाबून ठेवला तर पत्ते एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यात पत्त्यांच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्यात आणि महिन्यातून एकदा पत्ते पंख्याखाली पसरावेत. डब्याचं सरकतं झाकण दमट हवेत फुगून अडकतं, तेव्हा जोर लावू नये. खाचेवर मेणबत्ती घासली की ते सुटतं. आणि विकत घेतल्याच दिवशी सगळ्या १२० पत्त्यांचे फोटो काढून ठेवावेत. एखादा हरवला तर तोच रंग आणि तीच किनार जुळवून नवा पत्ता करून मागायला फोटोच उपयोगी पडतो.