मूट, विधी सेवा, जर्नल की विद्यार्थी परिषद? लॉ कॉलेजात वर्षभर कुठे राबायचं

सत्र सुरू झालं की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एकामागून एक नोटिसा लागतात : मूट कोर्ट सोसायटी, विधी सेवा केंद्र, जर्नलचं संपादक मंडळ, विद्यार्थी परिषद. चारही अर्ज भरून ठेवण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात एकच काम नीट होतं, दुसरं कसंबसं निभावतं. निवड करताना पदाचं नाव बाजूला ठेवा. वर्षाअखेर हाताशी काय उरतं आणि ते काम वर्षातल्या कोणत्या दिवसांत अंगावर येतं, एवढं तपासा.

मूटपासून, म्हणजे कल्पित खटल्यावरच्या युक्तिवादाच्या स्पर्धेपासून, सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गर्दी तिथेच असते. बहुतेक स्पर्धांत तिघांचा संघ असतो : दोन वक्ते, एक संशोधक. मेमोरियल (लेखी युक्तिवाद) दोन्ही बाजूंची लिहावी लागतात, म्हणजे अर्जदाराची आणि प्रतिवादीची. अनुक्रमणिका, संदर्भसूची, अधिकारक्षेत्र, तथ्यं, मुद्दे, युक्तिवादाचा सारांश, मूळ युक्तिवाद आणि शेवटी प्रार्थना (कोर्टाकडे काय मागतो ते), हा ठरलेला साचा. वक्तृत्व कमी पडलं म्हणून गुण जातात त्याहून जास्त गुण हलगर्जीपणाने जातात. आदल्या रात्री दोन परिच्छेद कापले जातात, पण संदर्भसूचीतले पान क्रमांक जुनेच राहतात. मुखपृष्ठावर फक्त संघाचा कोड असतो, पण पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये लॅपटॉपवाल्याचं पूर्ण नाव तसंच राहतं आणि निनावीपणाचा नियम मोडल्याबद्दल गुण कापले जातात. फाइल पाठवण्याआधी तो रकाना रिकामा करणं अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मूटची एक मर्यादा मात्र कुणी सांगत नाही. तिथे तथ्यं आयती दिलेली असतात. साक्षीदार नसतो, उलटतपासणी नसते, पुरावा शाबीत करायचा नसतो. उच्च न्यायालयातलं अपिलाचं काम किंवा आंतरराष्ट्रीय कायदा करायचा असेल, तर ही तालीम अगदी योग्य. १९६० पासून चालू असलेली जेसप स्पर्धा तर आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या कल्पित खटल्यावरच होते. तालुका कोर्टात दावे चालवायचे असतील, तर मूटमधून फार तर उभं राहून बोलण्याची भीती जाईल. तेवढी तर अभ्यासक्रमातही जाते. बार कौन्सिलच्या कायदा-शिक्षणाच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येकाला ३ मूट करावेच लागतात, प्रत्येकी १० गुणांचे.

विधी सेवा केंद्रात याच्या नेमकं उलट आहे. तथ्यं कुणी देत नाही, ती समोर बसलेल्या माणसाकडून काढावी लागतात. बाई तासभर सासरचं सांगतात, विद्यार्थी चार पानं लिहून घेतो आणि आधीच्या निकालाची तारीख विचारायची राहून जाते. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात. त्यातले २६ सरले असतील, तर चार पानांचा उपयोग काय? म्हणून नोंदवहीतला पहिला रकाना तारखेचा ठेवा : शेवटचा आदेश कधी झाला, पुढची तारीख कधी आहे. मग विरुद्ध पक्षाचं नाव, मग कागदपत्रांची यादी. मूळ सातबारा किंवा दस्त ठेवून घेऊ नका, झेरॉक्स पुरते.

विद्यार्थ्याला वकीलपत्र दाखल करता येत नाही, कोर्टात उभंही राहता येत नाही. १९६१ च्या वकील कायद्यानुसार तो हक्क सनदधारक वकिलांचा. तुमचं काम माणूस योग्य दारापर्यंत पोचवण्याचं : तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून बाईंना परत पाठवणं ही विधी सेवा शिबिरांतली नेहमीची चूक. दुसरी चूक कलमांच्या जुन्या तक्त्यांची. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं कलम १२५ राहिलं नाही, ते नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं. आणि ज्या १४४ ला अख्खा महाराष्ट्र जमावबंदी म्हणून ओळखतो, ते आता १६३ आहे. गावात ‘१४४ खाली अर्ज करा’ म्हणालात, तर लोक दचकणारच.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इथे उघड फायदा असतो. अर्ज मराठीतच लिहायचे असतात आणि फेरफार, वारस नोंद हे शब्द त्यांनी घरीच ऐकलेले असतात.

जर्नल हे शांत, चिवट लोकांचं काम. लेख निवडण्यापेक्षा तळटीपा तपासण्यातच वेळ जातो : मूळ निकाल उघडायचा, उद्धृत परिच्छेद तिथे खरंच आहे का बघायचं, तो निकाल पुढे फिरवला गेला का शोधायचं. अल्पमतातल्या न्यायमूर्तींचं वाक्य कोर्टाचा निर्णय म्हणून छापायला आलेलं सापडतं, तेव्हा संपादकाचा पगार वसूल होतो (पगार नसतो, ते सोडा). काम घरी बसून रात्री करता येतं, म्हणून नोकरी सांभाळून तीन वर्षांचं एलएलबी करणाऱ्यांना आम्ही हेच सुचवतो.

विद्यार्थी परिषदेबद्दल थोडक्यात. माणसं सांभाळायची हौस असेल तरच जा. निवडणूक असेल तर लिंगडोह समितीच्या शिफारशी वाचा : उमेदवाराचा खर्च ५ हजार रुपयांपर्यंत, हजेरी किमान ७५ टक्के, पदाधिकारी होण्याची संधी एकदाच. कॉलेजात मतदान होतं की नेमणूक, हे अर्ज भरण्याआधी कार्यालयात विचारा.

हजेरीचा घोळ मात्र सगळीकडे सारखाच. परीक्षेला बसायला बार कौन्सिलचा नियम प्रत्येक विषयाला ७० टक्के मागतो, अपवाद म्हणून ६५. स्पर्धेच्या चार दिवसांची सवलत हवी असेल, तर प्राचार्यांची लेखी परवानगी जाण्यापूर्वी घ्या. परत आल्यावर ट्रॉफी दाखवून ती मिळेलच असं नाही.

संयोजक किंवा सचिव व्हायचं, तर आधी एक वर्ष त्याच ठिकाणी साधं काम केलेलं असावं. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात पदाला दुसरं वर्ष बरं, कारण तिसऱ्यात इंटर्नशिप आणि सनदेची तयारी मानेवर बसते. विधी सेवा केंद्र त्याला अपवाद : नियमांनुसार ते ज्येष्ठ प्राध्यापकांच्या देखरेखीखाली अंतिम वर्षाचे विद्यार्थीच चालवतात. पद स्वीकारताना आधीच्या संयोजकाकडून ईमेलचा पासवर्ड, जमाखर्च आणि अर्धवट प्रकरणांची यादी सही करून घ्या. यादी मिळत नसेल, तर पहिला महिना ती बनवण्यातच जाईल, हे धरून चाला.