कार्बन क्लॉथ: वाकतं झकास, पण वजन मोजून घ्या

लिथियम-आयन बॅटरीच्या वाकणाऱ्या इलेक्ट्रोडला धातूच्या फॉइलऐवजी विणीचं कार्बन क्लॉथ, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचं कापड, घ्यावं का? लिथियम टायटनेट या लिथियम साठवणाऱ्या पदार्थासाठी जरूर. हे टायटनेट १.५५ व्होल्टच्या आसपास काम करतं, म्हणून सेल १ व्होल्टला थांबवला तर कापड स्वतः लिथियम जवळपास घेत नाही. ०.०१ व्होल्टपर्यंत उतरलात की कापडाची क्षमता टायटनेटच्या खात्यावर जमा होते आणि आकडे फुगतात.

मागवताना टेफ्लॉन न लावलेलं मागा. फ्युएल सेलसाठीचं बरंचसं टेफ्लॉनवालं असतं. साधं कापडही आलं तसं पाणी झिडकारतं, पण नायट्रिक ॲसिडच्या गरम अंघोळीने ते वठणीवर येतं. ॲसिड जास्त वेळ ठेवलं तर धागे ठिसूळ होतात. धुणं उदासीन होईपर्यंत करा, मग १२० अंशांना व्हॅक्यूममध्ये रात्रभर.

स्लरी, म्हणजे टायटनेट, कार्बन आणि बाइंडर (चिकटवणारा पदार्थ) यांचा लेपाचा घोळ, ८०:१०:१०, पण फॉइलला लावता त्यापेक्षा पातळ. घट्ट स्लरी वरच बसते आणि वाकवलं की पापुद्रे निघतात. दोन पातळ हात बरे.

खरा त्रास कडांचा. कात्रीने कापलं की धागे सुटतात, आणि एखादा उभा तंतू २५ मायक्रॉनच्या सेपरेटरमधून, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधल्या पडद्यातून, आरपार जातो आणि सेल आतून शॉर्ट होतो. चार्ज करताना व्होल्टेज चढतच नाही, ते बहुतेकदा यामुळेच. दोन कागदांमध्ये कापड धरून पंच मारा, कड भिंगाखाली बघा.

०.३५ मिमी जाडीचं कापड इलेक्ट्रोलाइट पितंही भरपूर: दर चौरस सेंमीला साधारण २८ मायक्रोलिटर, सेपरेटर वेगळा. हात आखडला तर ५सी-१०सीला, म्हणजे १२ ते ६ मिनिटांत पूर्ण चार्ज किंवा डिस्चार्ज करताना, क्षमता कोसळते आणि दोष बिचाऱ्या टायटनेटला लागतो.

आता वजन. कापड दर चौरस सेंमीला १२ मिग्रॅ, त्यावर टायटनेट २ मिग्रॅ, कार्बन आणि बाइंडर अर्धा. टायटनेटची १७५ एमएएच (मिलिॲम्प-तास) प्रति ग्रॅम ही सैद्धांतिक क्षमता पूर्ण इलेक्ट्रोडवर काढली तर २४ उरते. १५ मायक्रॉन ॲल्युमिनियम फॉइलवर तोच लेप ५३ देतो. नुसत्या टायटनेटच्या वजनावर काढलेला आलेख म्हणूनच देखणा दिसतो.

कापडावर १० मिग्रॅ बसवलं तर हिशेब ७१ पर्यंत जातो. फॉइलवरचा तेवढा जाड लेप वाकवताना तडकतो, तिथे हे कापड जिंकतं. मात्र १०सीला तेव्हा दर चौरस सेंमीला १७.५ मिलिॲम्प लागतील. चाचणी यंत्राची मर्यादा आधी बघून ठेवा.