चरईतला बुधवारचा शास्त्राभ्यास : आठ आठवडे बसल्यावर

ठाणे पूर्वेला कोपरीत माझं किराणा दुकान आहे. संध्याकाळची गिऱ्हाइकं सोडून कुठे जाऊन बसणं आमच्या धंद्यात सोपं नसतं. तरी बायबलच्या या अभ्यासवर्गासाठी आठही बुधवार मी स्टेशनचा पूल ओलांडून, तलावपाळीवरून चालत चरईला गेलो. एकही चुकवला नाही. जायचं की नाही म्हणून बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

वर्ग एका सोसायटीच्या तळमजल्यावर, निवृत्त शिक्षिकेच्या घरी भरतो. सगळे त्यांना टीचर म्हणतात. आम्ही तेरा-चौदा जण असायचो. निम्मे माझ्यासारखे नगरकडून आलेल्या प्रॉटेस्टंट घरांतले, काही वसईकडचे कॅथलिक. फी नाही, चहा आणि झेरॉक्सचे मिळून आठ आठवड्यांचे दोनशे रुपये घेतात. दर वेळी एक कागद मिळतो. वर शास्त्रभाग, खाली तीन प्रश्न : इथे नेमकं काय लिहिलंय, ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं त्यांना काय कळलं असेल, आणि या आठवड्यात मी काय करणार. तिसऱ्याचं उत्तर एका ओळीत, पेन्सिलीने. पुढच्या बुधवारी सुरुवात त्या ओळीपासूनच होते. केलं का? नाही केलं तर तसं सांगायचं, कोणी बोल लावत नाही. पण आठ दिवस ती ओळ खिशात असते.

उपासनेत संदेश मी लहानपणापासून ऐकतोय. आमेन म्हणून घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी शटर वर करताना त्यातलं काहीच आठवत नाही. याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात तो माणूस आहे, आरशात तोंड बघतो आणि तिथून हलल्यावर आपण कसे दिसतो ते विसरतो. तोच मी. हा वर्ग मला आरशापुढून हलू देत नव्हता.

तिसऱ्या बुधवारी वजनमापांचा विषय निघाला आणि तिथून माझं खरं शिकणं सुरू झालं. नीतिसूत्रे ११:१ मला पाठ होतं. खोट्या तराजूचा देवाला वीट आहे. पण टीचरनी अनुवाद या पुस्तकातलं २५:१३ उघडायला लावलं. पिशवीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन वजनं ठेवू नका. मूळ हिब्रूत तिथे नुसतं ‘दगड आणि दगड’ असं आहे, कारण तेव्हा वजनं म्हणजे घासून गोल केलेले दगडच. शेकेल या तेव्हाच्या वजनाचे असे दगड उत्खननात सापडलेत, एक शेकेल साधारण ११ ग्रॅमचा. घेताना जड दगड, देताना हलका. गंमत अशी की दोन्ही दगड एकाच माणसाच्या पिशवीत असतात, आणि ती पिशवी गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही.

माझ्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का आहे, दर वर्षी न चुकता मारून घेतो. म्हणून कागदावर मी निर्धास्तपणे लिहिलं, माझा काटा खरा आहे. टीचरनी वाचलं आणि एवढंच विचारलं, ‘भाऊ, काट्यावर काय काय ठेवता?’

घरी येताना तलावपाळीवर ते लक्षात आलं. दिवाळीत आम्ही सुक्या मेव्याचे डबे भरतो. रिकामा डबा काट्यावर ठेवून झिरो करायचा असतो, पण गर्दीत ते राहतं, आणि पुढे राहिलेलंच अंगवळणी पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामा डबा तोलला. ३८ ग्रॅम. पाव किलो काजू म्हणून दिलेल्या डब्यात २१२ ग्रॅमच काजू. ९०० रुपये किलोच्या भावाने डब्यामागे चौतीस रुपये. शिक्क्याचा काटा, अन् माझ्या पिशवीतला दुसरा दगड म्हणजे तो पुठ्ठ्याचा डबा.

मी हे पुढच्या बुधवारी सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी वा-वा केली नाही, कोणी तोंडही वाकडं केलं नाही. लगेच लूक १९ काढलं. जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं. मग गणना ५:७, तिथे पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा. कोणता नियम कोणासाठी, यावर तासभर बोलणं झालं. एकाने सुचवलं की रक्कम मंडळीच्या दानपेटीत टाकून मोकळं व्हावं. टीचर म्हणाल्या, पुढचं वचन वाचा. द्यायला तो माणूस नसेल, त्याचा जवळचा नातलगही नसेल, तेव्हा ते देवाकडे जातं. आधी माणूस शोधायचा.

रोखीची गिऱ्हाइकं कुठे शोधणार? पण उधारीची वही होती. त्यात काजूच्या डब्यांची तेवीस नावं निघाली. ३८ वर पाचवा हिस्सा धरून ४६ होतात, मी पन्नास-पन्नास ग्रॅमच्या पुड्या बांधल्या आणि घरोघर जाऊन कारण सांगून दिल्या. एक काकू म्हणाल्या, एवढ्यासाठी कशाला आलास रे. एका घराने पुडी घेतली आणि तेव्हापासून माल दुसरीकडून भरतात. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

भरपाईवर बोलणं झालं त्या बुधवारी वसईकडच्या एका ताईंनी त्यांच्या बायबलमधून सिराख नावाचं पुस्तक वाचून दाखवलं. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं, आमच्यात ६६, त्यामुळे मी ते कधी ऐकलंच नव्हतं. सत्ताविसाव्या अध्यायात म्हटलंय की दगडांच्या सांध्यात खुंटी ठोकली जावी तसं पाप विकणं आणि घेणं यांच्या मधे शिरून बसतं. पंचवीस वर्षं मी त्याच फटीत उभा आहे. ते वाक्य मी उतरवून घेतलं.

भाषांतरं शेजारी ठेवून वाचायची त्यांची पद्धत मला फार आवडली. बायबल सोसायटीचं सगळ्यांकडे असतंच. शिवाय टीचर पंडिता रमाबाईंचं भाषांतर काढतात. केडगावला मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं, त्यांच्या पश्चात १९२४ साली छापून झालेलं. लूक ६:३८ ला आम्ही असेच थांबलो. आमच्या मराठीत माप दाबून, हालवून, शीग भरून पदरात घालतात. माझी आजी नेवाशाकडे पायलीने ज्वारी मोजायची. शीग लावताना डावा हात मापाच्या काठाशी आडवा धरायची, दाणा खाली पडू नये म्हणून. मी ते मोठ्या हौसेने सांगितलं. पण टीचरनी मागचं वचन वाचायला लावलं. दोष काढू नका, क्षमा करा. म्हणजे तिथे मोजली जाते ती माणसाला दिलेली वागणूक. त्या आठवड्याची माझी ओळ दुकानातल्या पोऱ्याबद्दल होती. गल्ल्यात दोनशे कमी आले की मी आधी त्याच्यावर ओरडायचो आणि मग मोजायचो. आता आधी मोजतो.

उणिवाही सांगतो. वेळ सव्वाआठ ते पावणेदहा, दुकानदारांना आणि कर्जत-कसारा बाजूला परतणाऱ्यांना अवघडच. झेरॉक्स इतकी फिकट असते की चष्मा लावूनही वचनांचे आकडे दिसत नाहीत. जागा अपुरी पडते, लहान मुलांना कुठे बसवायचं हा प्रश्न आहे, त्यामुळे तरुण आया दोन बुधवारनंतर येईनाशा झाल्या आणि हे मला मनापासून खटकतं. बायकांच्या आठवड्यात काय घडलं ते ऐकायला मिळालंच नाही, कारण आम्ही तीन-चार पुरुषच फार बोलायचो. टीचरनी आम्हाला आवरायला हवं होतं. आणि पौलाच्या पत्रांना दोनच बुधवार दिले, ते घाईचे झाले.

ज्यांना नुसता विसावा हवा, गाणी हवीत, त्यांना इथे कोरडं वाटेल. एकच प्रार्थना सुरुवातीला, एक शेवटी. ज्यांना वचन घेऊन आपल्या टेबलाशी, काउंटरशी, स्वयंपाकघरात जायचं आहे त्यांनी जरूर जावं. चर्चची चिठ्ठी वगैरे लागत नाही. स्वतःचं बायबल न्या, पेन्सिल न्या, आणि थोडं आधी पोहोचा, दाराजवळच्या खुर्चीवर उजेड कमी पडतो.

पुढचे आठ आठवडे आमोस आणि मीखा या संदेष्ट्यांची पुस्तकं आहेत. आमोसच्या आठव्या अध्यायात एफा म्हणजे धान्याचं माप लहान आणि शेकेल मोठा करणारे व्यापारी येतात, म्हणून मी नाव आधीच दिलंय. दिवाळीचा माल भरायच्या आत तो अध्याय व्हावा, असं टीचरना सांगून आलोय.