दोन ट्यूनरचा रेकॉर्डर : दिवाळी ते आषाढी, आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या घरी टीव्ही एकच आहे आणि संध्याकाळी सात ते दहा या वेळात तो कोणाचा, हा प्रश्न गेली कित्येक वर्षे तडजोडीवर चालला होता. आईच्या रोजच्या चार मालिका, माझे क्रिकेट, साडेआठला कामावरून परतणारी पत्नी आणि शिकवणीहून भुकेली येऊन रिमोट शोधणारी दहावीतली मुलगी, एवढी मंडळी एका पडद्यासमोर बसवायची म्हणजे कोणाचे तरी काहीतरी बुडणारच. गेल्या दिवाळीत आम्ही आमच्या डिश कंपनीचा, टीव्हीचे कार्यक्रम डिस्कवर टिपून ठेवणारा रेकॉर्डर घेतला, दोन ट्यूनरचा (ट्यूनर म्हणजे एक वाहिनी पकडणारा भाग) आणि ५०० जीबी डिस्कचा. आम्ही चिपळूणला राहतो, म्हणजे वीज आणि पाऊस या दोन्हींच्या लहरी सांभाळून राहतो, आणि हा अनुभव वाचताना ती गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुण्यामुंबईच्या सदनिकेत हेच यंत्र कदाचित पुष्कळ शहाण्यासारखे वागेल.

मालिकांचे भाग मोबाइलवर मिळत असताना रेकॉर्डर कशाला, असे मला दुकानदारापासून मेहुण्यापर्यंत सर्वांनी विचारले. मालिका ॲपवर मिळतात हे खरेच आहे. दूरदर्शनसाठीसुद्धा प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज नावाचे ॲप काढले आहे. परंतु माझी आई ७६ वर्षांची आहे, तिला ॲप उघडणे, ओटीपी टाकणे आणि मध्येच थांबून गोल फिरणारे चक्र बघत बसणे या तिन्हींचा कंटाळा आहे, आणि टीव्हीच्या रिमोटवरचे एक बटण दाबले की कालचा भाग सुरू व्हावा एवढीच तिची अपेक्षा आहे. शिवाय रेकॉर्ड केलेल्या भागात जाहिरात आली की बटण दाबून पुढे सरकता येते. नियमाप्रमाणे वाहिनीला तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या मालिकेतली सहा मिनिटे वाचतात. चार मालिकांची मिळून रोज २४ मिनिटे. ही मिनिटे आमच्याकडे भांडी आवरण्यात खर्ची पडतात हा भाग वेगळा.

निवड करताना पहिली चूक मी केली ती टीव्हीच्या खोक्यावर विश्वास ठेवण्याची. आमच्या टीव्हीच्या माहितीपत्रकात यूएसबी रेकॉर्डिंगची सोय असल्याचे छापले होते, म्हणून मी उत्साहाने १ टीबीची डिस्क आणून मागे जोडली आणि रिमोटवरचे लाल बटण दाबले, तर पडद्यावर काहीच उमटले नाही. तासभर खटपट केल्यानंतर उमगले की टीव्ही फक्त स्वतःच्या ट्यूनरवर आलेला कार्यक्रम टिपू शकतो. आपल्याकडे बहुतेक घरांत टीव्हीचा ट्यूनर रिकामाच असतो. चित्र येते ते सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआय तारेने, आणि त्या तारेतून आलेले चित्र टीव्ही दाखवतो, साठवत नाही. ज्यांना दुकानात ही सोय मोठ्या आवाजात सांगितली जाईल त्यांनी एवढा एक प्रश्न विचारावा, की माझ्या डिशवर हे चालेल का.

त्यानंतर खरा पर्याय उरला तो डिश कंपनीच्याच रेकॉर्डरचा. हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत टिवो नावाचा रेकॉर्डर १९९९ मध्ये आला आणि आपल्याकडे टाटा स्कायने प्लस नावाचा रेकॉर्डर २००८ मध्ये आणला, तेव्हा माझ्या एका सहकाऱ्याने तो मोठ्या कौतुकाने आम्हाला घरी बोलावून दाखवला होता. दुकानदार मला पुन्हा पुन्हा जीबी ऐकवत होता. आता आठ महिन्यांनी सांगतो की जीबी ही या खरेदीतली सर्वांत बिनमहत्त्वाची गोष्ट आहे. उपग्रहावरून येणारे चित्र मुळातच आवळलेले असते आणि रेकॉर्डर ते आहे तसे डिस्कवर उतरवून ठेवतो. आमच्याकडे एचडी वाहिनीचा एक तास साधारण तीन जीबी घेतो. आईच्या चार मालिका, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे बारा तास, म्हणजे ३६ जीबी. चार तासांचा क्रिकेटचा सामना १२ जीबी. ५०० जीबीच्या डिस्कवर दीडशे तास आरामात बसतात, आणि दीडशे तासांचे न पाहिलेले कार्यक्रम ज्या घरात साठतात त्या घराला रेकॉर्डरची गरजच नसावी.

महत्त्वाचे ते ट्यूनर, आणि ट्यूनरहून महत्त्वाच्या त्या छतावरून खाली येणाऱ्या तारा. एक वाहिनी टिपत असताना दुसरी पाहायची असेल तर दोन ट्यूनर लागतात हे सगळे सांगतात, पण प्रत्येक ट्यूनरला छत्रीपासून, म्हणजे गच्चीवरच्या डिशपासून, स्वतंत्र तार लागते हे आम्हाला कोणी सांगितले नाही. बसवायला आलेल्या मुलाने जुनीच तार जोडली, वाहिन्या दाखवल्या, सही घेतली आणि तो निघून गेला. संध्याकाळी आईची मालिका रेकॉर्डिंगला लावून मी बातम्या लावल्या तर काही वाहिन्या लागत होत्या आणि काहींवर सिग्नल नसल्याची पाटी येत होती. कारण समजून घेतले ते असे : छत्रीवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल टिपून तारेत सोडणाऱ्या भागाला, ट्यूनर तारेतूनच १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, १३ ला उभ्या ध्रुवीकरणाच्या वाहिन्या खाली येतात आणि १८ ला आडव्या. आमच्यासारख्या साध्या एलएनबीच्या एका तारेवर एका वेळी दोन्ही येऊ शकत नाहीत, त्यामुळे पहिल्या ट्यूनरने एक बाजू धरली की दुसऱ्याला उरलेल्या वाहिन्या दिसतच नाहीत. तक्रार केल्यावर पाचव्या दिवशी दुसरा माणूस आला, त्याने दोन तोंडांचा एलएनबी बसवला आणि गच्चीवरून दुसरी तार सोडली. तिचे पैसे मला वेगळे द्यावे लागले. आपल्या घरी तार भिंतीतून नेलेली असेल तर रेकॉर्डर मागवण्याआधी त्या नळीतून आणखी एक तार जाते का, हे अवश्य पाहून घ्यावे.

रोजच्या वापरात यंत्र समाधानकारक आहे. गाइडमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकात, मालिकेवर जाऊन एकदा संपूर्ण मालिका निवडली की रोजचा भाग आपोआप टिपला जातो. मात्र हे सारे गाइडमधल्या नावावर चालते. एखाद्या रविवारी एक तासाचा महाएपिसोड असतो किंवा दोन मालिकांचा महासंगम असतो, तेव्हा गाइडमध्ये नाव बदलते आणि यंत्र त्या दिवशी स्वस्थ बसते. नेमका लग्नाचा भाग असा बुडाला तेव्हा आईने दोन दिवस रेकॉर्डरकडे पाठ फिरवली होती. उलट दुपारचे आणि पहाटेचे पुनःप्रसारण मात्र यंत्र इमानाने टिपते, त्यामुळे फक्त नवे भाग हा पर्याय निवडावा लागतो, आणि तोही वाहिनीने पुनःप्रसारणाची खूण केली असेल तरच उपयोगी पडतो. वेळेच्या आधी दोन आणि नंतर दहा मिनिटे जास्तीची टिपण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करावी. क्रिकेटला दहा मिनिटे पुरत नाहीत. आयपीएलचा सामना साडेसातला सुरू होतो आणि शेवटचे षटक गाइडने ठरवलेल्या वेळेत संपेलच असे नाही, म्हणून मी सामन्यानंतरचा कार्यक्रमसुद्धा लावून ठेवतो.

यंत्र गरम होते. डिस्क आत सतत फिरत असते, कारण चालू कार्यक्रम मागे नेता यावा म्हणून रेकॉर्डर पाहत असलेली वाहिनी सदैव टिपत राहतो. पत्नीने विणलेले क्रोशाचे आवरण पहिल्या महिन्यातच काढावे लागले, त्यावर घरात थोडी चर्चा झाली. रात्रीच्या शांततेत बारीक घरघर ऐकू येते. ज्यांचा टीव्ही झोपण्याच्या खोलीत आहे त्यांनी याचा विचार करावा. विजेचे म्हणाल तर यंत्र बंद करून चालत नाही, ते २४ तास जागे लागते. सरासरी १५ वॅट धरले तरी महिन्याला जवळपास ११ युनिट होतात. रेकॉर्डिंगच्या सोयीसाठी कंपनी दरमहा वेगळे शुल्क घेते, आणि रिचार्ज संपला की आधी टिपलेले कार्यक्रमसुद्धा उघडत नाहीत, हे मला जानेवारीत दोन दिवस उशीर झाला तेव्हा कळले.

सर्वांत मोठी तक्रार मार्च महिन्यातली आहे. मुलीच्या शाळेचे लेझीम पथक सह्याद्री वाहिनीवरच्या एका कार्यक्रमात झळकले होते. पथक मिळून दोन मिनिटे आणि त्यात आमची मुलगी दुसऱ्या रांगेत उजवीकडून तिसरी, जेमतेम २० सेकंद. तो कार्यक्रम आम्ही जपून ठेवला होता आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी दाखवत होतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र चालू होईना. हमीची मुदत शिल्लक होती म्हणून कंपनीने विनामूल्य बदलून दिले, परंतु जुने यंत्र नेताना डिस्क काढून द्यायला माणसाने नकार दिला, आणि ती दिली असती तरी उपयोग नव्हता. टिपलेला प्रत्येक कार्यक्रम त्या एका यंत्राच्या किल्लीने कुलूपबंद केलेला असतो. डिस्क संगणकाला लावा किंवा त्याच कंपनीच्या दुसऱ्या यंत्रात घाला, चित्र येत नाही. ही अट करारात असेलही, पण विकताना कोणी बोलत नाही. माझ्या लेखी ही या यंत्राची खरी मर्यादा आहे : ते उद्या पाहण्यासाठी उत्तम आहे, ठेवण्यासाठी नाही.

त्या २० सेकंदांचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण त्यात दुसऱ्या प्रकारच्या रेकॉर्डरची माहिती आहे. माझा धाकटा भाऊ गुहागरजवळ गावी राहतो. त्याच्याकडे डीडी फ्री डिशचा साधा बॉक्स आहे, मासिक भाडे शून्य, समोर यूएसबीचे छिद्र. पुतणीला पाहण्यासाठी त्यानेही तो कार्यक्रम पेनड्राइव्हवर टिपला होता आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. सह्याद्री तेथे कुलपाविना येते, त्यामुळे पेनड्राइव्हवरची फाइल संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सरळ उघडली. मी त्यातली दोन मिनिटे कापून तीन ठिकाणी साठवली. तेव्हापासून त्या साध्या बॉक्सकडे मी आदराने पाहतो, जरी त्याचे दोषही पुष्कळ आहेत. ट्यूनर एकच असल्याने भाऊ जे टिपतो तेच त्याला पाहावे लागते. वेळ लावून ठेवण्याची सोय आहे पण गाइड बेभरवशाचे, म्हणून तो घड्याळाप्रमाणे वेळ हाताने भरतो. पेनड्राइव्ह फॅट३२ या साठवणुकीच्या जुन्या पद्धतीचा असल्याने ४ जीबीनंतर फाइलचे तुकडे पडतात. माझी रिकामी राहिलेली १ टीबीची डिस्क त्याला दिली तर बॉक्सचे छिद्र तिला पुरेशी वीज पुरवू शकले नाही. डिस्क टिकटिक करून थांबे. शेवटी स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घातला तेव्हा ती फिरू लागली.

वडिलांच्या काळात आमच्याकडे व्हीसीआर होता. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत त्यांच्या निम्म्या कॅसेटींना पांढरी बुरशी धरली. साठवणूक हा आमच्या घराण्याचा दुबळा विषय असावा.

विजेबद्दल लिहायचे राहिले. वीज जाऊन आली की आमचे यंत्र पुन्हा सुरू होते, पण स्वागताच्या पडद्यावर येऊन ओके दाबण्याची वाट पाहत थांबते. घरी कोणी नसले तर ते संध्याकाळपर्यंत तसेच थांबते आणि लावून ठेवलेले सर्व कार्यक्रम बुडतात. पहिल्या तीन महिन्यांत असे सात वेळा घडले. नवीन यंत्रही हेच करते, म्हणजे हा बिघाड नसून तशी रचनाच आहे. उपाय म्हणून मी संगणकाचा लहान यूपीएस घेतला आणि त्यावर फक्त रेकॉर्डर ठेवला; टीव्ही नाही. तेवढ्याने तो तासभर तरी तग धरतो. घेण्यापूर्वी दुकानातच यंत्राची पिन काढून पुन्हा लावावी आणि ते आपण होऊन वाहिनीवर परत येते का ते पाहावे, दुकानदार काहीही म्हणो. पाच मिनिटांचे काम आहे.

आषाढीला या सगळ्याची परीक्षा झाली. पंढरपूरची शासकीय महापूजा पहाटे अडीचच्या सुमारास असते आणि सह्याद्री ती थेट दाखवते. आईला ती पाहायची होती, पण इतक्या रात्री उठू नये असे डॉक्टरांनी सांगितले असल्याने मी दशमीलाच रेकॉर्डिंग लावले, आणि मार्चचा धडा आठवून भावालाही गावी लावायला सांगितले. रात्री दीडला वीज गेली. यूपीएसची पिकपिक ऐकून मी उठलो. बाहेर पाऊस कोसळत होता. वीज दहा मिनिटांत आली, यंत्र हलले नाही, पण पूजा सुरू झाल्यावर पावसाने सिग्नल तोडला. छत्रीवरच्या धुवाधार पावसापुढे कोणताही रेकॉर्डर काही करू शकत नाही. सकाळी पाहिले तर कार्यक्रमाचे दोन तुकडे झाले होते आणि मधली ११ मिनिटे नव्हती. आईला सांगायला गेलो, तर ती सव्वादोनलाच उठून आवाज बंद करून टीव्हीसमोर बसली होती आणि सिग्नल गेल्यावर हात जोडून तशीच बसून राहिली होती, असे तिने शांतपणे सांगितले.

गुहागरकडे त्या वेळी पाऊस उघडला होता. भावाने पूर्ण पूजा पेनड्राइव्हवर पाठवली आहे. आमच्या रेकॉर्डरवरचे दोन तुकडे मात्र आई पुसू देत नाही. न पुसण्याची खूण तिने मुलीकडून करवून घेतली आहे, आणि डिस्कवरचे तेवढे आठ जीबी आता कायमचे तिचे.