दुपारचे ९४: गच्चीवरच्या खोलीला कॉपर ओढावी की फायबर?

वायरने जोडलेलं नेट मधूनच मंदावतं. राउटर बंद करून चालू केला की दोन दिवस बरं जातं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. शेवटी वायरच बदलायची असं ठरतं आणि गाडी अडते ती कोणती घ्यायची इथं. मी दोन्ही लावून बसलोय, तेव्हा माझं घोडं कुठं अडलं ते सांगतो. तुमचं घर वेगळं असू शकतं, हे धरूनच वाचा.

आमचं घर औशाला. खाली बैठकीत कंपनीचा डबा आणि राउटर, वर गच्चीवर एक खोली. तिथं माझं काम आणि पुतण्याचा अभ्यास. स्लॅबमधून वायफाय वर पोचत नाही, म्हणून पावसाच्या पाण्याच्या पाइपाला बांधून पश्चिमेच्या भिंतीवरून वायर नेलेली. वळणं धरून ३८ मीटर.

आधी दोष आपला की कंपनीचा, तेवढं बघून घ्या. खाली राउटरलाच लॅपटॉप वायरने लावायचा. तिथं पूर्ण वेग आणि वर अर्धामुर्धा, म्हणजे रोग मधल्या वायरीत. हे दहा मिनिटांचं काम मी दीड महिना केलं नाही. कंपनीच्या माणसाशी फोनवर भांडत राहिलो. बिचारा दरवेळी म्हणायचा, "सर, आमच्याकडून ओके आहे." होतंही ओकेच.

पुतण्या मात्र रोज जेवणानंतर खाली यायचा. "काका, नेट चालेना गेलंय बगा." सकाळी सहाला तेच नेट पळायचं. एकदा भर दुपारी वर जाऊन वेग मोजला: ९४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९४ मेगाबिट. दुसऱ्या दिवशी ९४. तिसऱ्या दिवशीही ९४. योजना ३००ची, मग रोज नेमके ९४च का?

तर वायरीच्या पोटात चार जोड्या असतात. १००० एमबीपीएसला चारही लागतात, १००ला दोनच पुरतात: प्लगमधली पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी तार. निळी किंवा तपकिरी जोडी ढिली झाली की बहुतेक यंत्रं गुपचूप १००वर उतरतात आणि त्यातून हाताला लागतात साधारण ९४. आमची तपकिरी गेली होती. मे महिन्यातल्या आमच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा, म्हणजे वर आलेला प्लग दुपारीच का रुसायचा ते कळेल.

प्लग कापून नवा लावला. दोन महिने छान, मग पुन्हा ९४. तेव्हा कुठं तारेवर ब्लेड ओढून पाहिलं. वर तांब्याचा मुलामा, आत पांढरं ॲल्युमिनियम. दुकानात याला सीसीए म्हणतात. कॅट-सिक्स ही नेटच्या वायरीची ठरलेली प्रत, तिच्या मानकात ती बसत नाही, छापलेलं मात्र कॅट-सिक्सच असतं. ॲल्युमिनियमला रोध जास्त, आणि दोनदा वाकवलं की तुटतं. ती वायर या तुलनेत धरतच नाही. फुकट मिळाली तरी भिंतीवर चढवू नका.

आता खरा सवाल. अस्सल तांब्याची बाहेरची कॅट-सिक्स, की काचेच्या धाग्याची फायबर आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे प्रकाश आणि तांब्यातला संकेत यांची अदलाबदल करणारे डबे?

मी आधी फायबर घेतली. कारण एकच, वीज. रोहिणी-मृगात आमच्याकडं पावसाआधी वीजच येते. एका मित्राने घरापासून गोठ्यापर्यंत कॅमेऱ्यासाठी तांब्याची वायर नेली होती. एका संध्याकाळी कडाडलं आणि त्याच्या नेटच्या स्विचची (वायरी जोडायच्या डब्याची) तीन भोकं मेली. फायबरमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. कडेला पोलादी तार असलेली ड्रॉप केबल (बाहेरून न्यायची फायबर) असेल तर मात्र ती तार यंत्राच्या बरीच अलीकडे कापायची, नाहीतर सगळं मुसळ केरात. कन्व्हर्टरची जोडी ए आणि बी अशी येते, एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि दुसरा १५५०वर, म्हणून एकच धागा पुरतो. दोन्ही ए घेऊन आलात तर परत लातूरची चक्कर. घेताना गिगाबिटचे (१०००चे) आहेत का हेही विचारा. शंभरचे स्वस्त पडतात, पण मग एवढा खटाटोप कशाला?

आठ महिने फायबरने तक्रारीला जागा ठेवली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. दोन जादा ॲडाप्टर आणि लाईट गेल्यावर दोन्ही टोकांना इन्व्हर्टर हवा, एवढीच कटकट. तीही सवयीची झाली.

मग दिवाळीची साफसफाई झाली आणि नेट पुन्हा मंदावलं.

या वेळी ९४ नाही. कधी २१०, कधी ४०, कधी पानच उघडेना. कॉम्प्युटर म्हणतो जोडलेलं आहे, वेग १.० जीबीपीएस, म्हणजे १००० एमबीपीएस. खरंच आहे, त्याला समोरचा कन्व्हर्टर भेटतोय, पुढं काय चाललंय ते त्याला काय ठाऊक! कन्व्हर्टरचे दिवे दोन्हीकडं हिरवेगार. राउटर बदलून पाहिला, ॲडाप्टर अदलाबदल केले. ज्या कंपनीची मागं माफी मागायला हवी होती, तिला पुन्हा फोन केला.

शेवटी लातूरहून जोडणीवाल्याला बोलावलं. अंतर वीस किलोमीटर, पण त्याचं "उद्या येतो" चौथ्या दिवशी उगवलं. त्याचीही चूक नाही, एका केबलसाठी कोण धावत येणार? त्याने बाकी काही उघडलं नाही. खिशातून पेनाएवढी लाल टॉर्च काढली, खालच्या टोकाला लावली आणि म्हणाला, "पंखा-लाईट बंद करा." अंधारात बैठकीच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागं, पिवळ्या पॅचकॉर्डचं (कन्व्हर्टरला जोडायच्या फायबरच्या छोट्या दोरीचं) एक वळण निखाऱ्यासारखं लाल दिसत होतं. झाडताना कपाट मागं सरकवलं होतं, दोरी चिमटली होती आणि प्रकाश तिथूनच गळत होता. कपाट चार बोटं पुढं ओढलं. झालं दुरुस्त.

दोष फायबरचा नव्हता हे मलाही कळतं. कपाट तिने नाही सरकवलं. पण माझ्या डोक्यात बसलं ते हेच, की ती अर्धी आजारी असताना घरातला एकही दिवा, एकही आकडा मला तसं सांगत नव्हता. तांब्याची जोडी गेली की ९४ दिसतात. ९४ दिसले की प्लग बघायचा, हे आता पुतण्यालाही पाठ आहे. तांबंही कधीकधी पूर्ण वेग दाखवून आतून चुका करतं असं जाणकार सांगतात, नाही म्हणत नाही. माझ्याकडं अजून तसं झालं नाही. लाल टॉर्चही ऑनलाइन स्वस्तात मिळते आणि ती घेतली असती तर हे पुराण इथंच संपलं असतं, असंही मला दोघांनी ऐकवलं. बरोबर आहे त्यांचं. मी वायर घेतली.

तर गेल्या फेब्रुवारीत अस्सल तांब्याची बाहेरची कॅट-सिक्स आणली, लातूरच्या गंजगोलाईच्या बाजूच्या एका दुकानातून, ४० मीटर. भाव सीसीएच्या जवळपास तिप्पट. दुकानदाराला म्हटलं, टोक सोला, ब्लेड ओढू द्या. आधी कुरकुरला, मग स्वतःच ओढून दाखवलं: आतपर्यंत लाल. वरचं कवच काळं पॉलिथिनचं बघा, करडं पीव्हीसी आमच्या उन्हात तडकतं. कॅट-सिक्सची तार जाड असते, तेव्हा प्लगही तिचेच घ्या, जुन्या डब्यातले नकोत. आणि बोअरच्या मोटारीच्या वायरीला चिकटून नेऊ नका, वीतभर अंतर राहू द्या. बाकी रंगांचा क्रम कुठंही सापडेल.

वीजेचं भय मात्र गेलेलं नाही. ढगात गुडगुडायला लागलं की दोन्हीकडचे प्लग काढून ठेवतो. घरी नसलो तर देवावर हवाला. म्हणून तुमची वायर एका इमारतीतून दुसरीकडं, घरातून गोठ्यात किंवा शेतातल्या खोलीत जाणार असेल, तर माझं ऐकू नका, फायबरच घ्या. १०० मीटरच्या पुढंही तीच, तांब्याची हद्द तिथं संपते. एकाच घराच्या भिंतीवरून खालून वर न्यायची असेल आणि जोडणीवाला गावात राहत नसेल, तर मी कॅट-सिक्सच्या बाजूला थोडा कललेलो आहे. थोडा म्हणजे, फायबरचे कन्व्हर्टर कपाटात गुंडाळून ठेवलेत एवढा.

यंदाच्या मे महिन्यात भर दुपारी दोनला मुद्दाम वर जाऊन पाहिलं. १.० जीबीपीएस, योजनेचे पूर्ण ३००. फायबर अजून भिंतीवरच आहे, शेजारी शेजारी. काढली नाही. तिच्यावर टॉवेल वाळत घालू नको, एवढं पुतण्याला सांगून ठेवलंय.